आधी मला आलेलं स्थळ

पंचशीला,
जय भीम.

काल तुझ्या मालकांच्या पुण्यानुमोदनाला जो तो म्हणत होता, नवरा असावा तर असा, बाप असावा तर असा. मलाबी बोलायला उठवलं. 'प्रल्हादराव लई चांगले होते,' एवढंच म्हणून मी बसले.

त्यांचं स्थळ आधी मला आलतं. 'शाळेतला शिपाई मला नको,' असं मीच म्हणलं, म्हणून बाबांनी तुला दिलं.

पुढं एकदा मी पालीला तुझ्याकडं आलते. तू तापानं पडली होतीस. त्यांनी सीताफळं फोडली, एकेक बी काढून वाटीत गर जमवला, आधी पोरीला भरवला, मग तुला. माझ्या हातावर अख्खं फळ ठेवून म्हणले, 'अक्का, तुमीबी घ्या.' मला ते गिळवलं न्हाई. त्यानंतर चार वर्षं मी शेतातल्या कामाचं निमित्त करून तुझ्या घरी आलेच न्हाई.

काल तू माझ्या गळ्यात पडून म्हणलीस, 'अक्का, माझं समदं गेलं.' मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते आन मनात म्हणत होते, गेलं म्हणायला तुझ्यापाशी काही होतं तरी.

हे पत्र तुला कधीच देणार न्हाई.

तुझी,
यशोधराअक्का