माशांचा चांगला आलेला फोटो

डिचोली,
३ ऑक्टोबर १९९१

चि. सौ. कमलाक्षी हिला सदाशिवदादाचे अनेक आशीर्वाद.

बाय, तुझं पत्र काल मिळालं. इकडे सगळी बरी आहेत. चवथीच्या गणपतीच्या कामात तुझ्या वहिनीचा गुडघा धरला होता, तो आता जरा सुटलाय. स्टुडिओच्या जनेलाची फुटलेली काच एकदाची बदलून घेतली. गिऱ्हाईक कमीच, दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली की बघू. साईश शाळेत जातो ना नीट? गौरवीचं पोट बरं आहे ना?

हे सगळं मी उगाच लिहितोय. तुझं पत्र कालपासून पुन्हा पुन्हा वाचतोय. वहिनीने "काय झालं हो?" एवढंच विचारलं, तर तिच्यावरच खेकसलो.

तू लिहिलंस, ग्रामसभेत भावोजी विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन उभे राहिले. खाणीचा गाळ विहिरीत उतरतोय, पाणी तांबडं येतंय म्हणाले. तेव्हा खाणीच्या साहेबांनी पिशवीतून मोठा फोटो बाहेर काढून सगळ्यांना दाखवला. तुमच्याच विहिरीचं पाणी काचेच्या टाकीत, आणि त्यात सोनेरी मासे मजेत पोहताहेत! लोक हसले. भावोजी फोटो खोटा आहे म्हणाले, तर तू बायकांतून उठलीस आणि भरसभेत नवऱ्याला म्हणालीस, "फोटो माझ्या दादान काढलेलो. माझो दादा खोटा काम करूचो नाय." मग भावोजी खाली बसले.

कुठल्याही भावाचा ऊर भरून आला असता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं गं.

आता ऐक. साहेब ती टाकी घेऊन माझ्याकडे आले तेव्हा पाणी खरंच तुमच्या विहिरीचं होतं. पहिला रोल पणजीच्या लॅबातून धुवून आला तो बघवेना. काचेवर फ्लॅशचा पांढरा डाग, मागे भिंतीचे पोपडे, पाणी कोऱ्या चहासारखं, आणि मासे सगळे वर येऊन आ वासलेले. साहेब म्हणाले, "सदाशिवराव, तुमच्या हातचा फोटो असा? जरा सुधारा की!" आणि टाकी माझ्याकडेच ठेवून गेले.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. फोटोला कोणी नाव ठेवलं की मला जेवण जात नाही. वर्तमानपत्र ओलं करून काच आतून-बाहेरून पुसली. नवरा-नवरीच्या मागे लावतो तो काळा मखमली पडदा टाकीमागे बांधला. फ्लॅश समोरून न मारता वरून तिरका धरला. मासा काचेजवळ येऊन आडवा होईपर्यंत कॅमेरा धरून बसलो, कारण डोळा स्वच्छ आला तरच मासा जिवंत वाटतो. हे सगळं आमच्या धंद्यातलं, यात लपवण्यासारखं काही नाही.

पण पाणीही मीच बदललं.

दुसऱ्या रोलाच्या सकाळी दोन मासे उलटे तरंगत होते. राहिलेलेही मरतील आणि माझा फोटो जाईल, एवढंच माझ्या डोक्यात. टाकी मोरीत उपडी केली, तळाचा तांबडा चिखल बोटांनी खरवडला आणि माझ्या नळाचं पाणी भरलं. ते कुठलं पाणी, कशासाठी फोटो, सगळं मला ठाऊक होतं. साहेबांनी पाणी बदला म्हटलं नाही, मीही बदललं म्हणून सांगितलं नाही. नवा फोटो बघून ते नुसते हसले. मी मूर्ख, मला ते कौतुक वाटलं!

तरीही मी गप्प बसलो असतो. असा तुझा भाऊ. पण तू शेवटी लिहिलंस, "मासे जगतात त्या पाण्यात पोरांना काय होणार? आता देवळाकडच्या झरीवर कळशी घेऊन जात नाही. विहिरीचंच देते." ते पाणी पोरांना देऊ नकोस, बाय. हे वाचलंस की लगेच बंद कर.

अर्ध्या तासाची बस. खरं तर कालच धावत यायला हवं होतं. स्टँडवर गेलोही होतो. बस आली, लोक चढले, मी परत आलो. तुझ्या दारात उभं राहायला तोंड नाही. तुमच्या वाड्यावर पाव घेऊन येणारा पोदेर आमच्या दारावरून जातो, त्याच्याकडे हे पत्र देतो. सोबत पहिल्या रोलचे फोटो आहेत, ते भावोजींच्या हातात दे. त्यांना सांग, तुमचंच खरं होतं. मला काय वाटेल ते बोलू देत, तू मधे पडू नकोस.

रविवारी पुन्हा सभा आहे ना? मी येतो. तिथे उभा राहून सांगतो, पाणी मी बदललं म्हणून.

मग तुझ्याकडे येईन, आत घेतलंस तर. मी आलो की तू कळशी घेऊन झरीवर पळतेस, दादाला तांबडं पाणी नको म्हणून. या वेळी पळू नकोस. झरीचं पाणी पोरांना ठेव. मला तुमच्या विहिरीचं दे.

ज्याच्यासाठी तू भरसभेत उभी राहिलीस,
तो तुझा दादा
सदाशिव