तांबटाच्या दारातलं मांजर

अब्बा,

काल धाकट्या सुनेनं रस्त्यावरचं एक मांजर घरात आणलं आणि पळून जाऊ नये म्हणून खांबाला बांधून ठेवलं. मी म्हटलं, सोड त्याला. ती म्हणाली, "सोडलं तर राहील का ते?" उत्तर मला ठाऊक होतं, पण सांगायचं तर तुमच्यापासून सुरुवात करावी लागली असती. आज दुपारी घरात कोणी नाही. नातवाच्या वहीतली पानं घेतली आहेत. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि तुम्ही गेल्याला माझे केस पांढरे होण्याइतका काळ लोटला. तरी लिहिते.

नवे महाराज गादीवर येऊन फार वर्षं झाली नव्हती तेव्हा. कोल्हापुरात प्लेग आला, उंदीर पडायला लागले. आधी आपल्या गल्लीच्या टोकाला पडले, मग घरोघरी. माणसं घरांना कुलपं घालून माळावर राहायला गेली. आपणही उचगावच्या बाजूला एका शेतात कडब्याची झोपडी घातली. तिथंच अम्माला ताप भरला, काखेत गाठ आली. तिला आजाऱ्यांच्या छावणीत नेलं आणि मला शेजारच्या झोपडीतल्या बाईपाशी ठेवलं. तुम्ही रोज सकाळी छावणीकडे जायचात आणि संध्याकाळी येऊन नुसते बसायचात. एक दिवस दुपारीच परत आलात. "अम्मा कहाँ है?" मी विचारलं. "गई," म्हणालात, आणि चूल पेटवायला लागलात. त्या एका शब्दापलीकडे तुम्ही मला तिच्याबद्दल काही सांगितलं नाहीत. मी मनात एकच गोष्ट धरून बसले: तिनं मला एकदा तरी बोलावलं कसं नाही? त्या वयात दुःखापेक्षा रुसवाच मोठा असतो.

गावात परत आलो तेव्हा रोग जावा म्हणून सरकारी माणसांनी आपल्या घरावरची कौलं उतरवलेली होती, आत ऊन पडलं होतं, भिंतींना चुना दिलेला. तुम्ही पुन्हा कौलं चढवलीत, पण कापूस पिंजायचं तुमचं पिंजण भिंतीवर टांगलेलंच राहिलं. मेलेल्यांच्या गाद्या जाळल्या होत्या आणि जुना कापूस म्हटला की लोक मागं सरकत. पिंजाऱ्याला कोण बोलावणार? तुम्ही दिवसभर उंबऱ्यावर बसून असायचात. समोर तांबटाचं घर होतं. म्हातारा-म्हातारी, मुलगा, सून, एवढी माणसं गेली होती माळावर. परत कोणीच आलं नाही. दाराला कुलूप, आणि त्या दाराच्या पायरीवर त्यांचं मांजर. राखी रंगाचं, एक कान फाटका, पोट खपाटीला गेलेलं. गल्लीकडे पाठ आणि दाराकडे तोंड करून ते बसायचं. माणसाची चाहूल लागली की पळायचं आणि परत येऊन तसंच बसायचं. किती दिवस तुम्ही इकडच्या उंबऱ्यावर आणि ते तिकडच्या पायरीवर, असं चाललं होतं.

मग एकदा तुम्ही भाकरी दुधात कुस्करलीत आणि मातीचं परळ तिकडच्या पायरीवर ठेवून आलात. मला त्या दिवसांत दूध मिळत नव्हतं, अब्बा. ते मी पाहत होते. दुसऱ्या दिवशी परळ पायरीखाली ठेवलंत, मग गल्लीच्या मधोमध, मग आपल्या उंबऱ्यापाशी. पाऊल पुढं टाकताना मांजर दर वेळी मागं वळून बंद दाराकडे बघायचं. तुम्ही घाई केली नाहीत. मी म्हटलं, पकडून पोत्यात घालू या. तर माझ्यावर डोळे वटारलेत. कोपऱ्यावरच्या फुलवाल्या काकी ओरडल्या, "ओ पिंजारी, मेलेल्यांच्या घरचं मांजर घरात घेताय व्हय? आन् वर त्याला बाटवणार!"

"बाटतंय कशानं काकी, दूधच पितंय की!"

त्यावर काकी हसल्या, पलीकडचा न्हावी हसला. कित्येक महिन्यांत गल्लीत कोणी हसलं नव्हतं.

मांजर आत यायला लागलं, पण राहायचं नाही. खायचं आणि आपल्या पायरीवर जायचं. पुढं थोडं काम मिळायला लागलं तेव्हा नवीनच पंचाईत झाली. तुम्ही पिंजणाच्या ताणलेल्या तातीवर लाकडी दस्ता मारलात, घरभर तो टणत्कार घुमला आणि मांजर जे पळालं ते दोन दिवस फिरकलंच नाही. त्यानंतर तुम्ही पिंजण उचलून मागच्या परड्यात नेलंत आणि उन्हात बसून काम करायला लागलात. नाकातोंडात कापूस, पाठीवर ऊन, आणि घर मांजरासाठी मोकळं. हळूहळू तेच परड्यात तुमच्यामागं यायला लागलं. तेव्हा तुम्ही त्याच्याशी बोलायला लागलात. घरात आपण दखनीच बोलायचो, पण मांजराशी तुमचं मराठी चालायचं. मी कारण विचारलं तर म्हणालात, तांबटाच्या घरचं आहे, त्याला आपली बोली कुठून कळणार? अजूनही मला याचं हसू येतं, आणि हसता हसता थांबते, कारण पुढचं आठवतं.

आडावरून घागर भरून आले होते. परड्याच्या दाराशी पोचले तर पिंजणाचा आवाज बंद. कोणीतरी पाहुणा आलाय असं वाटलं, कारण तुम्ही मराठीत बोलत होतात.

"असं दारात बसून काय व्हनार बाई? आतनं कोन याचं न्हाय. मी बी बसलोय असा, छावनीच्या कुपनाभाईर. आत सोडत न्हवती मला. लांबनं हात करायची ती. पोरीला आना, वरडायची. एकदा बघू द्या म्हनायची. शेवटपातूर तेच. न्हाय आनली मी. आनली आसती आन् पोरीला काय झालं आसतं तर? तर मग?"

मांजर पंजा चाटत होतं. तुमचा हात त्याच्या पाठीवर होता. मी पाऊल न वाजवता मागं सरले. आडावर गेले, भरलेली घागर ओतून दिली आणि पुन्हा भरायला लागले, म्हणजे उशीर का झाला हे तुम्ही विचारलंत तर सांगता यावं. तुम्ही विचारलं नाहीत.

पुढं उन्हाळ्याच्या तोंडाला तांबटाचा मेहुणा गडहिंग्लजहून बैलगाडी घेऊन आला. त्यानं कुलूप काढलं आणि दार ढकललं तोच मांजर त्याच्या पायांमधून आत शिरलं. त्याचं ओरडणं गल्लीत ऐकू येत होतं, आधी ओट्यावरच्या खोलीतून, मग माजघरातून, मग पार मागच्या न्हाणीतून. तुम्ही बाहेर उभे होतात. घंगाळं, हंडे, पराती गाडीत चढल्या.

"पावणं, हे मांजर तुमचं?" त्यानं विचारलं.

"ह्याच घरचं हाय. आता आमच्याकडं जेवतंय."

"मग ठेवा की तुम्हीच. आमाला कशाला पायजे?"

सामान भरून झालं तरी मांजर बाहेर येईना. मेहुणा कुलूप हातात घेऊन खोळंबला. तुम्ही आत गेला नाहीत, हाक मारली नाहीत, नुसते पायरीवर बसलात. तो कुरकुरला, "अवो, मला जायाचं हाय लांब." तुम्ही म्हणालात, "बघू द्या तिला सगळं. एकदा बघू द्या." मग ते आलं. ओरडणं थांबलं होतं. तुमच्या शेजारून खाली उतरलं, गल्ली ओलांडली आणि आपल्या घरात जाऊन कापसाच्या ढिगावर अंगाचं मुटकुळं करून पडलं. त्या पायरीवर ते पुन्हा कधी बसलं नाही.

त्या संध्याकाळी तुम्ही मला सांगाल असं वाटलं होतं. ताटावर समोरासमोर बसलो होतो. तुम्ही तुमची अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवलीत, एवढंच. मग मी दर ईदेला वाट पाहिली, लग्न होऊन मिरजेला निघाले त्या दिवशी पाहिली. तुम्ही गाडीच्या चाकाला हात लावून उभे राहिलात आणि गाडीवानाला म्हणालात, सावकाश जा. पहिलं मूल घेऊन आले तेव्हा घर फार शांत वाटलं. मांजर कुठं आहे, मी विचारलं. "गई," म्हणालात. परड्यात लिंबाखाली माती उकरल्याची खूण होती. त्यानंतरच्या पावसाळ्यात तुम्हाला ताप आला आणि निरोप मिळून मी पोचेपर्यंत तुम्हाला मातीही देऊन झाली होती. माझं ऐकलेलं माझ्यापाशीच राहिलं. मी तेव्हा दारात होते, हे तुम्हाला कळलं असतं तर बरं वाटलं असतं की लाज वाटली असती, ते मला आजही ठरवता येत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा एक कबूल करते. माझ्या पोरांना, आता नातवंडांनाही, मी असं सांगत आले की अम्मा गेली त्या दिवशी तुम्ही मला जवळ घेतलंत आणि म्हणालात, तुझी आई शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होती. त्यांना ते खरं वाटतं. आणि सांगून सांगून आता मलाही कधी कधी तुमचा हात डोक्यावर जाणवतो.