आरशाला बांधलेलं नाणं

प्रिय अम्मा,

अक्षर बघून हसू नकोस. शाळा सुटली तशी लिहायची सवयही सुटली. पण तोंडानं बोलायचं म्हटलं की माझं काय होतं ते तुला माहितीये. अजून तसंच आहे. दुकानात सुकट मागायची असली तरी मी मागच्या बायकांना आधी पुढं जाऊ देते, आणि माझी पाळी आली की दुकानदार सगळ्यांदेखत ओरडतो, "काय गं मुके, आज पण बोटानंच दाखवणार का?" म्हणून लिहितेय. खवणीच्या पाटावर बसून, मांडीवर आपल्या धाकट्या मल्लीची वही घेऊन.

पहिली बातमी आपल्या गाडीची. ती विकायची की ठेवायची, यावरून आपल्या घरात बरेच दिवस कुणी धड जेवलेलं नाही. परवा गॅरेजवाला लयनल बास आला होता. त्यानं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि हत्याराला हात न लावताच परत लावलं. मिस्त्री असं करतो ना, तेव्हा डॉक्टरनं नाडी बघून हात खाली ठेवल्यासारखं वाटतं. तात्तांना म्हणाला, "सोमवीर, हिला आता सोड. किलोमीटरचा आकडा दोनदा सगळा फिरून शून्यावर आलाय, अजून किती पळवशील?" तात्ता म्हणाले, "मग काय झालं? तिसरा जन्म चाललाय तिचा. पुढच्या खेपेला माणूस होईल." बास म्हणाला, "होईल, आणि पहिली तुलाच शोधून बडवेल." दोघं हसले. मग बास गेल्यावर तात्ता तिथंच टायरला टेकून बसून राहिले. मी चहा ठेवला, तो गार झाला.

आकडा पहिल्यांदा शून्यावर आला तो दिवस तुला आठवतो का? वारियपोळच्या अलीकडे, मी तुझ्या मांडीवर. सगळे नऊ नऊ नऊ जमले तशी तू ओरडायला लागलीस, "हळू चालवा, हळू, आत्ता होतंय!" आणि शून्य लागल्याबरोबर तू गाडी थांबवायला लावलीस. पिशवीतून लिंबू काढून पुढच्या चाकाखाली ठेवलंस आणि म्हणालीस, "आता ही नवी कोरी. आजपासून हिला कुणी जुनी म्हणायचं नाही." तात्ता म्हणाले, "मग मला पण शून्यावर आण की." तू त्यांना केळ्याची साल फेकून मारलीस. दुसऱ्यांदा आकडा शून्यावर आला तेव्हा गाडीत मी आणि तात्ता दोघंच होतो. त्यांनी बघितलं, मीही बघितलं. लिंबू नव्हतंच बरोबर.

आता तिची काय दशा आहे सांगते. दर थोड्या वेळानं तापते. पाण्याचा कॅन माझ्या पायाशीच असतो, आणि तो संपला की रस्त्यावरच्या कुणाच्या तरी घरी पाणी मागायला मला जावं लागतं. माझ्यासारखीला! फाटकाशी कॅन धरून मी नुसती उभी राहते, कुणाच्या तरी लक्षात येईपर्यंत. मागची सीट फाटलीये, तिथं मी काथ्या भरून शिवलंय. काथ्याच्या गिरणीत कामाला जाते ना मी, तेवढा एक फायदा. आणि डावं पुढचं दार, तुझ्या बाजूचं, अजून दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. तू म्हणायचीस, पहिला दणका दाराला, दुसरा तुमच्या तात्तांना. अंगणात मल्लीनं जरी ते दार दोनदा आपटलं ना, तरी तात्ता हातातलं टाकून घरातनं बाहेर येतात. येतात, बघतात, आणि मग उगाच मल्लीवर खेकसतात, "दार मोडायचंय का तुला?"

भाड्यानं कुणी बोलवत नाही आता. मागच्या लग्नात सजवून नेली होती, तर चढावर बंद पडली आणि नवरीच्या मामांनी पांढरी सारोंग-लुंगी वर खोचून ढकलली. नवरी आत बसून रडत होती, मामा बाहेरून शिव्या देत होते, आणि तात्ता खिडकीतून सांगत होते, "अजून थोडं, अजून थोडं, आता ती लाजतेय नुसती." गावभर झालं ते. तेव्हापासून लोक दुसऱ्यांच्या व्हॅनला फोन करतात. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं असलं तरी.

आणि मल्लीचं ऐक. तुझ्या मल्लीला कुलियापिटियच्या मोठ्या शाळेत जागा मिळालीये. हेडमास्तर स्वतः घरी सांगायला आले. पण आपल्या बाजूनं सकाळची बस पोचेपर्यंत तिथली घंटा होऊन जाते. गाडी विकून तात्तांनी तीनचाकी रिक्षा घेतली तर ते त्याला सकाळी सोडतील आणि मग दिवसभर चौकात भाडी मारतील. सगळं जुळतं. नाही विकली तर काही जुळत नाही. काल मल्ली मला म्हणाला, "मला एखादी नंगी, धाकटी बहीण असती ना, तर तिला म्हटलं असतं तू जा शाळेत. मी तुझ्याबरोबर गिरणीत येतो." चेष्टेनं म्हणाला. पण चेष्टा करताना तो माझ्याकडं बघत नव्हता. मीही त्याच्याच वयाच्या आसपास असताना स्वयंपाकघरात आले ना, म्हणून मला ते बघवत नाही. मी सुटले ते सुटले. त्याला नाही सुटू द्यायचं.

गिऱ्हाईक आलंय गाडीला. प्रियंत नाव. लेथवर काम करतो, हात काळे, पण बोलायला गोड. बायको पोटुशी आहे, तिला घेऊनच आला होता. दुसरं इंजिन तो स्वतः बसवणार म्हणतो. ती बाई मागच्या सीटवर बसून बघत होती, मी शिवलेल्या जागेवर तिनं हात फिरवला आणि म्हणाली, "इथं बाळाला निजवता येईल." मला तिथंच वाटलं, घ्या, घेऊन जा, अशाच माणसांकडं जाऊ दे ती. तात्तांनाही वाटलं असणार, कारण त्यांनी स्वतःहून चावी प्रियंतच्या हातात दिली. अम्मा, खरंच दिली. मग प्रियंतनं आत बसून आरसा नीट केला आणि त्याला बांधलेल्या तुझ्या त्या पांढऱ्या फडक्याला हात घातला. "हे काढतो हं, नजरेच्या मधे येतंय." तात्तांनी त्याचं मनगट धरलं. जोरात नाही, पण सोडलंच नाही. म्हणाले, "ते नाही काढायचं." तो म्हणाला, "बरं, राहू दे, तुम्ही काढून द्या नंतर." तात्ता म्हणाले, "मलाही नाही काढता येत." आणि चावी परत घेतली. तोवर पुढं तुझ्या जागी येऊन बसलेली ती बाई उतरली. उतरताना दार लागेना, तिनं एकदाच आपटलं, ते तसंच अर्धवट राहिलं.

प्रियंत येत्या पौर्णिमेनंतर एकदा येऊन बघणार आहे. तेव्हाही नाही म्हणालात तर दुसरी बघतो म्हणाला. बिचाऱ्याला थांबता येणार नाही, बायकोचे दिवस भरत आलेत.

तू परदेशात घरकामाला चाललीस आणि तुला विमानतळावर सोडायला निघालो होतो तेव्हा मुन्नेश्वरमच्या देवळाशी तू नाणं हळदीच्या पाण्यात धुतलंस, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलंस आणि आरशाला बांधलंस. माझ्या डोक्यावर हात ठेवून देवाला म्हणालीस, "मला धडधाकट परत आण. परत आले की याच गाडीतून येईन आणि माझ्या हातानं सोडून तुझ्या पेटीत टाकीन." मला वाटायचं तात्ता हट्टी आहेत, गाडीवर जीव आहे म्हणून विकत नाहीत. मी रागानं तसं म्हणालेसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले, तेही त्यांच्यावर. ते चिडले नाहीत. म्हणाले, "उदे, गाडीचं काय, लोखंड आहे ते. पण नवस अर्धा राहिला आणि मी गाठ तोडली, तर भोगायचं कुणी? ती तिकडं एकटी, परक्या देशात. तिला तिथं ताप आला तरी पाणी द्यायला कोण आहे?" देवळातल्या पुजाऱ्याला विचारून झालंय त्यांचं. तो म्हणाला, जिनं बांधलं तिनंच सोडायचं. म्हणून ते गाडी ठेवतात. तू सुखरूप राहावीस म्हणून. आणि वर म्हणतात, "शिवाय ती आली की विमानतळावर न्यायला काय बसनं जाऊ? लोक हसतील तिला." तुझा फोन बंद होऊन किती पावसाळे गेले ते आम्ही घरात बोलत नाही. तिकडच्या घरात काम फार असेल, तात्ता म्हणतात. मीही मान हलवते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. या पाकिटाला मी परदेशी टपालाचं तिकीट लावलेलं नाही, देशातलं साधंच लावलंय. गेल्या पौर्णिमेला आम्ही देवाला तुझी आठवण करून द्यायला निघालो होतो. मोठ्या रस्त्यावर मिरवणूक होती म्हणून चिलावच्या अलीकडे आतल्या रस्त्याला वळलो आणि गाडी तापली. मी कॅन घेऊन उतरले, दार दोनदा आपटलं आणि समोरच्या हिरव्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. मी हाकही मारली नव्हती, तरी तू हात पुसत बाहेर आलीस. दाराच्या आवाजानं आलीस ना? तू आधी गाडीकडं बघितलंस, मग माझ्याकडं. तुझ्या झग्याला धरून ती लहानी उभी होती, तिच्या कपाळावर तुझ्यासारखाच भोवरा आहे. दोरीवर पुरुषाचे शर्ट वाळत होते. तू कॅन माझ्या हातातून घेतलास, नळाखाली भरलास, वर चार बोटं जागा ठेवलीस, हिंदकळू नये म्हणून, पूर्वी ठेवायचीस तशीच. आणि परत दिलास. मी अनोळखी बाईला म्हणतात तसं म्हणाले, "उपकार झाले, अक्का." तात्ता बॉनेटमध्ये डोकं घालून होते, त्यांनी वर बघितलंच नाही. उरलेलं पाणी ते ओंजळीनं प्यायले आणि म्हणाले, "गोड आहे गं पाणी. कोण होतं?" मी नुसती मान हलवली. मी बोलत नाही हे त्यांना माहितीये, म्हणून पुढं विचारलं नाही. मल्ली मागं झोपला होता. अम्मा, मी तुला का म्हणून विचारत नाही. परत ये असंही म्हणत नाही. कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ती गाठ मी स्वतः सोडायला गेले होते, खूप वेळा. पण हात मागं येतो. तुला काही झालं तर? आता तर तुझ्यामागं ती लहानीही आहे. म्हणून तूच ये. येत्या पौर्णिमेला सकाळच्या पूजेला आम्ही मुन्नेश्वरमला असू. गाडी चिंचेखाली लावायला मी तात्तांना सांगेन. ते तळ्यावर पाय धुवायला जातात, तिथं त्यांना वेळ लागतो, तुझ्यासाठी बरंच मागायचं असतं त्यांना. मल्लीला मी फुगेवाल्याकडं घेऊन जाईन आणि मागं वळून बघणार नाही. डावं दार मी उघडं ठेवते. नाणं सोड, पेटीत टाक आणि जा. गाठ आपोआप सुटली, देवानं अम्माला जपायचं कबूल केलं, असं मी तात्तांना सांगेन, माझ्या तोंडानं सांगेन. ते विश्वास ठेवतील आणि प्रियंतला चावी देतील. फक्त एवढं ऐक. जाताना दार लावू नकोस, तसंच राहू दे. दोनदा आपटलेलं ते दार तात्ता तळ्यावरूनही ओळखतील.

तुझीच,
उदे