थाळीखालची मोटार

प्रिय अण्णा,

काल धारहून परतले आणि तेव्हापासून तुमच्याशी भांडायचं आहे. फोटोवर ओरडणं मला जमत नाही, म्हणून लिहिते. तुम्हाला जाऊन महिना झाला. महिनाभर मी रडले, आता राग आला आहे.

नानाकाकांकडे तुमच्या काही रेकॉर्ड राहिल्या होत्या, त्या आणायला गेले होते. त्यांच्या बैठकीत पाऊल टाकलं, तर कोपऱ्यातल्या टेबलावर माझं टर्नटेबल! मागची वायर मीच बदलून तिच्यावर पिवळी टेप गुंडाळली होती. ती टेपसुद्धा तशीच.

तुमच्या एकसष्टीला मी ते किती हौसेनं आणलं होतं, आठवतं? तुम्ही सगळं आयुष्य कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेलं. लेथवर रेकॉर्डखालची थाळी स्वतः कातून तुम्ही बेल्टवालं मशीन केलं होतं, घरी एक आणि नानाकाकांना एक. मोटार बाजूला हवी, मधे रबराचा पट्टा हवा, म्हणजे तिची थरथर सुईपर्यंत पोचत नाही, हे मी पाढ्यांसारखं ऐकत मोठी झाले. पण मी विजेच्या मोटारींच्याच कारखान्यात इंजिनिअर झाले ना! पट्टा सैलावतो, मग लांब धरलेला स्वर किंचित डुलतो, हे मला ऐकू येई. माझ्या मशीनमध्ये मोटार थेट थाळीखाली होती आणि वेग जरा इकडेतिकडे झाला की सर्किट तो लगेच सावरून घेई. असल्याच सर्किटांवर मी रोज काम करत होते, अण्णा.

आणि रविवारी गाणं ऐकायला जमणाऱ्या मंडळींसमोर तुम्ही काय म्हणालात? "शुभाच्या मोटारी पंख्याला ठीक आहेत." सगळे हसले. चहाचा ट्रे हातात धरून मीही हसले.

पुढच्या आठवड्यात मशीन घरातून गायब. लोहारद्याच्या एका डीजेवाल्याला देऊन टाकलं, म्हणालात. अकरा वर्षं रस्त्यावरून वरात गेली की मी खिडकी लावून घेत होते. रविवारच्या बैठकीतही पुन्हा बसले नाही. मंडळींसाठी पोहे करायचे आणि स्वयंपाकघरातच थांबायचं. का बसत नाहीस, असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. मीही सांगितलं नाही, ती चूक माझी.

काल नानाकाकांना विचारलं, हे इथे कसं? ते आधी चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "तुझं मशीन इथे टाकायला म्हणून घेऊन आला होता तो. मी म्हटलं, भिया, पहले सुन तो ले. भिंतीकडे तोंड करून बसवलं त्याला. एकच रेकॉर्ड दोन्ही मशीनवर लावली, तीन वेळा. तिन्ही वेळा तुझ्यावालीला हात वर केला. वर मलाच ऐकवतो, देखा, पट्ट्याची बात अलग है! मग वळून बघितलं, तर सुई तुझ्यावालीवर!"

"आणि मला सांगितलं का नाही?"

"मी बोललो ना, पोरीला सांग. तर म्हणे, रहने दे यार, मंडळींसमोर इतकं बोलून बसलोय."

काकूंना तर खरंच नवल वाटलं. "अगं, तुला मालूम नव्हतं? दर दुसऱ्या शनिवारी येऊन हेच तर ऐकत बसायचे. येईल-जाईल त्याला सांगायचे, लेकीनं आणलंय, लेकीला कळतं यातलं."

नानाकाकांचे गुडघे दुखतात, त्यांना सोबत म्हणून जातो, असं आम्हाला सांगून तुम्ही देवासच्या स्टँडवर बस धरायचात. मी तुम्हाला डबा बांधून द्यायची. तुम्ही तो घेऊन जायचात आणि माझंच मशीन ऐकून, माझंच कौतुक करून घरी यायचात. दारात मी विचारायची, कसा झाला दिवस? तुम्ही म्हणायचात, ठीक. हे कसं जमलं तुम्हाला? चार माणसांपुढे आपला शब्द खोटा ठरू नये म्हणून मला अकरा वर्षं अडाणी ठरवलंत? मला वाटत राहिलं की माझा कानच कच्चा आहे. काम मला येत होतं, तरी वाटत राहिलं.

मशीन मी घरी आणलं आहे. काका नको म्हणाले नाहीत.

येत्या रविवारी मंडळी तुमच्या आठवणीसाठी जमणार आहेत. तुम्हाला शब्द देते, अण्णा. सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवीन, दोन्ही मशीनवर तुमची आवडती रेकॉर्ड लावीन आणि तुम्ही धारला कसे हरलात ते पहिल्यापासून सांगीन. तुमची बाजू सावरणार नाही. त्यांना पटेलही, कदाचित पुढच्या रविवारी मला पुढे बसवतील. पण "लेकीला कळतं" हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

तुमची,
शुभा