सलग जागा

शनिवार, मारुंजी. दिवेलागण.

आज घरूनच काम. नेटवर्कवरून येणारा डेटा झपाझप हाताळणारं एक टूलकिट फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर बसवत होतो. इन्स्टॉल झालं एका दमात, पण चालू होईना. त्याला मेमरी सलग हवी. मशीनमध्ये मोकळी मेमरी होती भरपूर, पण तुकड्यातुकड्यांत. सलग कुठेच नाही.

मग उमगलं. ती जागा मशीन सुरू होतानाच धरायची असते, बाकीचे शिरायच्या आत. बसच्या खिडकीतून रुमाल टाकतात ना, तशी. सेटिंग लिहिलं, रीबूट केलं आणि पडद्याकडे बघत बसलो. बाहेर हिंजवडीचे टॉवर पाण्यात असल्यासारखे हलत होते. की मीच पेंगत होतो?

एवढ्यात प्रज्ञा चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून आली. लग्नाला वर्ष होईल आता. चहा देताना तिला ही सलग जागेची गंमत सांगितली. ती हसली नाही.

"आपल्या वेळेचं काय वेगळंय रे? रोज अर्धा तास इकडे, पाऊण तास तिकडे."

"उद्या रविवार आहे, बघू की."

"उद्या उठशील तेव्हा तुझं मशीन आधीच चालू असेल. मी तर उद्याच्या ओव्हरटाइमला नाही सांगून आलेय."

अर्धा चहा तसाच ठेवून ती सोफ्यावरच झोपली.

टूलकिट चाललं शेवटी. त्याला मिळाली सलग जागा. मग मला आनंद का नाही झाला?

लॅपटॉप बंद केलाय. उद्याचा दिवस आम्हा दोघांसाठी धरायला त्यावर माझा रुमाल टाकून ठेवलाय.