लेथ, नात आणि तिसरा हिस्सा

मी, ज्याला सगळा बाजार लेथवाले चाचा म्हणतो, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे लिहून ठेवतो. डॉक्टर म्हणतात, घाई काय आहे? पण हे राहून गेलं तर माझी नात उघड्यावर पडेल, म्हणून लिहितो.

आधी माझं कफनदफन साधेपणाने करावे, मग देणी फेडावीत. बचत खात्यात बँकेने न मागता घातलेलं व्याज सार्वजनिक संडासाच्या दुरुस्तीला द्यावे. व्याज आम्हाला हराम, म्हणून त्याचं पुण्य माझ्या नावावर मांडू नये.

शरियतप्रमाणे माझे वारस दोन मुलगे, मोठा आणि धाकटा. मधला माझ्या आधी गेला. तिचे काका हयात असल्याने मधल्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या नातीला, वारसा पोहोचत नाही. मात्र जो वारस नाही त्याला तिसऱ्या हिश्श्यापर्यंत देण्याची मला मुभा आहे. म्हणून घर, कारखाना व शिल्लक यांचा पुरता तिसरा हिस्सा मी नातीला देतो.

कारखान्यातला जुना लेथ, लोखंड कातायचं मशीन, कायमचा बंद पडला तेव्हा धाकटा व्याजाने कर्ज काढायला निघाला होता. नात बिनव्याजी बँकेत कामाला. ती म्हणाली, "आजोबा, मशीन बँक विकत घेईल, आपण भाडं भरू. मुदत संपली की मशीन आपलं."

"अगं, टोपी बदलली म्हणून माणूस बदलतो का? हे व्याजच झालं!"

"मग बिघडलं तर खर्च कोणाचा? मालकाचा, म्हणजे बँकेचा. म्हणून हे भाडं."

धाकटा खो खो हसला. पुढे त्या भाड्याच्या मशीनचा गिअरबॉक्स गेला, तर बँकेने स्वखर्चाने नवा बसवला आणि बंद दिवसांचं भाडंही घेतलं नाही. धाकट्याचं ते हसणं मी पुन्हा ऐकलेलं नाही.

आता तो म्हणतो, तिला दरमहा ठरावीक रक्कम देऊन मोकळं करू. मुळीच नाही! कारखाना चालो न चालो, ठरलेला पैसा, हे तर घरच्या घरी व्याज. ती भागीदार राहील, नफ्यात तशी तोट्यातही.

माझा माप घ्यायचा व्हर्निअर मोठ्याला. वारसाला वेगळं काही द्यायचं तर इतर वारसांची संमती लागते. धाकट्याने ती खुशीने दिली, कारण तो त्याच व्हर्निअरने खिळे ठोकायचा आणि शिव्या खायचा.

काल हे नातीसमोर दोघा मुलांना वाचून दाखवलं. धाकटा जरा वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसला.

"अब्बा, मधला असता तर त्यालाही एवढंच मिळालं असतं ना?"

"एवढंच."

तो उठला. मधल्याची कारखान्याची किल्ली तो गेल्यापासून खुंटीवरच होती. ती काढून धाकट्याने पुतणीच्या हातात ठेवली. "उद्या लवकर ये. भागीदाराला उशीर चालत नाही."

सबब 'मधल्याची किल्ली नातीला द्यावी' हे कलम मी खोडलं आहे. फार बरं वाटलं.

लिहून देणार: लेथवाले चाचा
साक्षीदार: १. डॉक्टर २. समोरचा चहावाला (त्याची उधारी सहीआधी चुकती केली)
स्थळ: कारखाना, नव्या लेथशेजारी
तारीख: आजची, शुक्रवार