ठमीच्या तोंडून ऐकलेलं

अगं,

ड्युटीवरून येऊन आत्ताच तुझा डोळा लागलाय, म्हणून उठवत नाही. मी ठमीच्या शाळेत चाललोय. तिला आज पाठवलेलं नाही, ती शेजारच्या मावशींकडे आहे.

ठमी अंघोळ करताना शाळेतल्या मदतनीस बाईंच्या आवाजात बोलते, असं तू म्हणाली होतीस. मी हसण्यावारी नेलं. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणायची तिला सवयच आहे, म्हटलं. चुकलं माझं.

आज मी बाथरूमच्या दाराशी उभा राहिलो. आधी बाईंचा हुबेहूब आवाज आला, "वर्गात कान झाकून ओरडतेस ना? मग बस इथे." मग तिने जिभेने कडी लागल्याचा आवाज काढला. मग कितीतरी वेळ नुसती शांतता. आणि मग एक बारीक आवाज, जो ना तिचा होता ना बाईंचा, रडत म्हणाला, "ताई, माझा हात सोडू नको ना."

ती बाहेर आल्याबरोबर मी तिला जवळ घेतलं.

"बाई कडी लावतात ती खोली कुठे आहे गं?" विचारलं, तर तिने मला ओढत आपल्या जिन्याखाली नेऊन उभं केलं. म्हणजे शाळेतही ती जिन्याखालीच असणार.

ऑटिझम असलेली मुलंही आमच्याकडे सगळ्यांबरोबरच बसतात, असं मुख्याध्यापिका किती गोड बोलून सांगत होत्या!

उठलीस की तडक शाळेत ये. आज ठमी शाळेत नाही, म्हणजे तिचा हात धरून रडणारं ते लेकरू आत्ता तिथे एकटंच असेल.